परदेशात मित्राच्या घरी मुक्काम: निघायची तारीख तुम्हीच आधी सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाठीवर सॅक घेऊन आधी युरोप आणि मग व्हिएतनाम फिरायचं आहे. जर्मनीत कॉलेजच्या दिवसांतला मित्र राहतो आणि तो म्हणतो, ‘हवे तेवढे दिवस राहा.’ व्हिएतनाममध्ये भाषा शिकण्याच्या अ‍ॅपवर ओळख झालेली एक मैत्रीण आहे, तीही घरी बोलावते आहे. किती दिवस राहावं, पैसे द्यावेत का, व्हिसाच्या अर्जात काय लिहावं आणि जिला कधी भेटला नाहीत तिच्या घरी उतरावं का?

मी बरीच वर्षं अशीच फिरते आहे. लोकांच्या घरी राहिले आहे आणि माझ्या घरीही प्रवासी राहून गेले आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तीन ते चार रात्री, आणि निघायची तारीख तुम्ही स्वतःहून, तिकीट काढण्याआधी सांगायची. ‘हवे तेवढे दिवस’ म्हणणारा मित्र मनापासूनच म्हणत असतो. पण आपला आठवडा कसा जाणार आहे याचा हिशोब त्याने तेव्हा केलेला नसतो. तारीख ठरलेली नसली की यजमान काहीच ठरवू शकत नाही. शनिवारी दुसऱ्यांना बोलवावं का, उशिरापर्यंत कामावर थांबावं का, सगळंच लटकतं. आणि ‘तू कधी निघणार?’ हे विचारायची वेळ त्याच्यावर येणं सगळ्यात वाईट. ‘मंगळवारी संध्याकाळी येतो, शनिवारी सकाळी निघतो, पुढचं बुकिंग झालं आहे’ असं एक वाक्य पाठवलंत तर दोघंही मोकळे होता. राहा, असा आग्रह त्याने पुन्हा केला तर एखादी रात्र वाढवता येते. उलटं करता येत नाही.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. ‘मी आलो तर चालेल ना?’ या प्रश्नाला चांगला माणूस ‘हो’ हेच उत्तर देणार. त्याऐवजी असं विचारा की ‘नाही’ म्हणणं सोपं जाईल: ‘त्या महिन्यात कुठल्या तारखा तुला अडचणीच्या आहेत?’ ‘घरात आणखी कोण राहतं, त्यांना विचारलंस का?’ ‘मी झोपणार ती खोली कोणाची आहे?’ शेवटच्या प्रश्नाने बरंच काही उघड होतं. पुष्कळदा यजमान स्वतःची खोली देऊन आपण बैठकीच्या खोलीत झोपतो आणि ते आधी सांगत नाही. भाड्याच्या घरात तीन-चारजण मिळून राहत असतील तर तुम्ही एका मित्राचे पाहुणे असता, पण न्हाणीघर आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं वापरता. बाकीच्यांची संमती मित्राने गृहीत धरलेली असते. ती खरंच घेतली आहे का, हे त्याला एकदा विचारायला संकोच करू नका. विद्यार्थी वसतिगृहात राहणारा मित्र असेल तर आणखी जपून. तिथे पाहुण्याची नोंद आणि रात्रींची मर्यादा यांचे नियम असतात आणि ते मोडले तर खोली मित्राची जाऊ शकते.

आता कागदपत्रं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण घरी फुकट राहायला मिळालं या आनंदात लोक हा भाग विसरतात आणि त्याचा भार यजमानावर पडतो.

तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो असं तुम्ही लिहिलं आहे. अर्जात राहण्याची सोय दाखवावी लागते. हॉटेलचं बुकिंग हा एक मार्ग, खासगी घरी राहणार असाल तर निमंत्रण हा दुसरा. पण ‘निमंत्रण’ म्हणजे नेमकं काय, हे देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून ‘अतेस्तास्यों दाक्योई’ नावाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यासाठी तो शुल्क भरतो आणि घर पाहुण्याला पुरेसं आहे का, हे नगरपालिका तपासू शकते. स्पेनमध्ये निमंत्रणपत्रासाठी यजमानाला पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे तुमच्या चार रात्रींसाठी मित्र कामावरून सुट्टी काढून सरकारी कचेरीत रांगेत उभा राहतो. हे त्याला आधी माहीत असलं पाहिजे, आणि तुम्हालाही.

जर्मनीचं थोडं वेगळं आहे आणि तुमच्या बाबतीत तेच कामाचं. तिथे ‘फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचं हमीपत्र असतं. मित्र ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात करून देतो, त्याचं उत्पन्न तपासलं जातं, आणि तुमच्या राहण्या-खाण्याचा, औषधोपचाराचा, वेळ आली तर तुम्हाला परत पाठवण्याचाही खर्च देण्याची कायदेशीर जबाबदारी तो घेतो. बरेच जण हे साधं पत्र समजून मित्राकडे मागतात. माझं स्पष्ट मत आहे: तुमच्या खात्यात प्रवासापुरते पैसे असतील तर हे हमीपत्र मागूच नका. खर्च तुम्ही करणार हे बँकेच्या कागदांनी दाखवा, आणि मित्राकडून फक्त सही केलेलं साधं निमंत्रणपत्र घ्या. त्यात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, राहण्याच्या तारखा आणि त्याचा पत्ता असावा. सोबत त्याच्या ओळखपत्राची किंवा रहिवासी परवान्याची प्रत जोडा. वकिलातीच्या त्या वेळच्या यादीत काही वेगळं मागितलं असेल तर अर्थातच ती यादी अंतिम. किमान 30,000 युरो संरक्षण असलेला प्रवासी वैद्यकीय विमा सगळ्याच शेंगेन देशांसाठी सक्तीचा आहे. मित्राच्या घरी राहिलात म्हणून त्यात सूट मिळत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या 15 दिवस आधी तो दिलेला असावा लागतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे 15 दिवस, गुंतागुंतीच्या प्रकरणात 45 दिवसांपर्यंत लागतात. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे मुख्यतः तुम्ही सर्वांत जास्त दिवस कुठे राहणार यावर ठरतं. जर्मनीत मित्राकडे चार रात्री आणि इटलीत दहा, तर मित्र जर्मनीत आहे म्हणून अर्ज जर्मनीकडे जात नाही. इटलीतही कोणाच्या घरी उतरणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे परदेशी माणसाला घरी ठेवणाऱ्याने 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा, पोलीस ठाणं नसेल तिथे, नगरपालिकेला लेखी कळवायचं असतं. हे काम यजमानाचं, पण त्याला त्याची आठवण करून देणारे तुम्ही.

व्हिएतनाममध्येही हीच गोष्ट आहे, आणि ती फार कमी प्रवाशांना माहीत असते. हॉटेलात उतरलात की तुमच्या वास्तव्याची नोंद हॉटेल करतं. खासगी घरात उतरलात की ती जबाबदारी घरमालकावर येते: तुम्ही पोहोचल्यापासून 12 तासांच्या आत, दुर्गम भागात 24 तासांच्या आत, स्थानिक पोलिसांकडे नोंद. चीनमध्ये 24 तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. थायलंडमध्येही घरमालकाने परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. नोंद राहिली तर दंड होऊ शकतो आणि तुमच्या पुढच्या कामांत, उदाहरणार्थ व्हिसाच्या मुदतवाढीत, अडथळा येऊ शकतो. तुमची मैत्रीण आई-वडिलांच्या घरी राहत असेल तर पोलिसांकडे जाण्याचा हा विषय त्यांच्यासाठी लहान नाही. ‘माझ्या मुक्कामाची नोंद कोण करणार, तुझ्या घरच्यांना ते चालेल का?’ हे आधी विचारा. उत्तर अडखळत आलं तर जवळच्या गेस्टहाऊसमध्ये खोली घ्या आणि दिवसा तिच्या घरी जा. मैत्रीत काहीही कमी होत नाही.

सीमेवर खरं सांगा. इमिग्रेशन अधिकारी कुठे राहणार विचारतो तेव्हा मित्राचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन तुमच्याजवळ कागदावर हवा. फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते. मित्राकडे राहणार असताना हॉटेलचं रद्द करण्याजोगं बुकिंग दाखवून पुढे जाणारे लोक आहेत. अधिकारी हॉटेलला किंवा मित्राला फोन करू शकतो, आणि दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली की साधी सहल संशयास्पद वाटू लागते. आणखी एक: ‘राहायला जागा दे, मी तुझी मुलं सांभाळीन, घर रंगवून देईन’ असा सौदा पर्यटक व्हिसावर करू नका. पैसे हातात आले नाहीत तरी राहण्याच्या मोबदल्यातलं काम अनेक देशांत कामच धरलं जातं. जेवणानंतर भांडी घासणं वेगळं आणि आधी ठरवलेली सेवा वेगळी.

यातूनच पैशांचा प्रश्न येतो. मित्राला रात्रीमागे ठरावीक रक्कम देऊ नका. तो स्वतः भाड्याने राहत असेल तर पैसे घेऊन कोणाला ठेवणं म्हणजे पोटभाडेकरू ठेवणं होऊ शकतं, आणि त्याला बहुतेक करारांत घरमालकाची परवानगी लागते. पाहुणा आणि पोटभाडेकरू यांतली रेषा मुख्यतः पैशांवर ओढली जाते. त्याऐवजी किराणा आणायला तुम्ही जा आणि बिल तुम्ही भरा. एका संध्याकाळी सगळ्या घराला बाहेर जेवायला न्या. एकदा स्वतः स्वयंपाक करा, पण ओटा, शेगडी आणि भांडी आधी होती तशी लख्ख करून ठेवणार असाल तरच. आठवड्यापेक्षा जास्त राहणं खरोखरच गरजेचं असेल, आजारपणामुळे म्हणा, तर वीज-पाण्याच्या आणि घरखर्चाच्या वाट्याबद्दल तुम्हीच बोला.

भेटवस्तू जाताना नेण्यापेक्षा तिथे राहून झाल्यावर द्यावी, असं मला वाटतं. चार दिवसांत त्या घराला काय उपयोगी पडेल ते कळतं. सॅकमध्ये जागाही नसते. काही न्यायचंच असेल तर सीमाशुल्काचे नियम बघा: युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते सांगते: ढेकूण. बॅकपॅकिंग करणारा माणूस रोज वेगळ्या गादीवर झोपतो, डॉर्मिटरीत दहा जणांच्या सॅका एकमेकींना टेकून ठेवलेल्या असतात, आणि ढेकूण सामानातूनच प्रवास करतो. ढेकूण न खाता कित्येक महिने जगू शकतो. तुम्ही चार रात्री राहून निघून जाता आणि मित्राच्या घरात महिन्याभराने चावे उठायला लागतात. मग कीटकनियंत्रणवाले, गाद्या, कपाटं, खर्च आणि मनस्ताप. मी माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला याबद्दल सांगते आणि कोणाच्या घरी जाताना स्वतः पाळते.

मित्राच्या घरी जायच्या आदल्या मुक्कामी गादीच्या शिवणी, कोपरे आणि पलंगाच्या फटी टॉर्चने बघा. काळे ठिपके, रक्ताचे बारीक डाग, कातीचे पापुद्रे ही खूण. घरात शिरल्यावर सॅक पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका. शक्य असेल तर बाल्कनीत किंवा न्हाणीघराच्या फरशीवर ठेवा. कपडे थेट यंत्रात टाका. 60 अंशांवर धुतले किंवा ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास फिरवले की अंडीही मरतात. नुसत्या कोमट पाण्याने काही होत नाही. अंगावर ओळीने चावे दिसत असतील तर लपवू नका. ‘मला शंका आहे, आज मी तुझ्याकडे येत नाही, आधी कपडे उकळतो’ असं सांगणाऱ्या पाहुण्याबद्दल मित्राचं मत चांगलंच होईल.

दुसरी महागात पडणारी वस्तू म्हणजे किल्ली. जर्मनीत अनेक इमारतींत एकच कुलूपव्यवस्था असते: एकाच किल्लीने मुख्य दार, तळघर आणि घर उघडतं. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते आणि तो खर्च भाडेकरूवर, म्हणजे तुमच्या मित्रावर येऊ शकतो. किल्लीला पत्ता लिहिलेलं लेबल लावू नका, ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका, आणि तुमच्या प्रवास विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी धरली आहे का, ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत हे कलम असतं, पण हरवलेल्या किल्ल्या त्यातून वगळलेल्या असू शकतात.

रोजच्या वागण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही समजूतदार आहात. फक्त दोन गोष्टी. पहिली: पोहोचलात की घर कसं चालतं हे विचारून घ्या. सकाळी न्हाणीघर कधी मोकळं असतं, गरम पाणी किती पुरतं, कचऱ्याचं वर्गीकरण कसं, रात्री किती वाजल्यानंतर आवाज नको. जर्मनीत साधारण रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळतात, आणि शेजाऱ्यांची तक्रार तुमच्या नावाने येत नाही, मित्राच्या नावाने येते. दुसरी: दिवसा घराबाहेर पडा. मित्राला नोकरी आहे, त्याचा प्रवास चालू नाही. तो कामावरून येतो तेव्हा त्याला आधी अर्धा तास गप्प बसायचं असू शकतं. ‘तुझी एक संध्याकाळ मला दे, बाकी माझं मी बघतो’ असं पहिल्याच दिवशी सांगा. मग ती संध्याकाळ तो आनंदाने देईल.

आणि त्याला प्रेक्षणीय स्थळं दाखवायला लावू नका, ती नकाशावर सापडतात. स्थानिक मित्राचा खरा उपयोग वेगळाच असतो. कुठला पास घेतला तर प्रवास स्वस्त पडतो, संपाच्या दिवशी गाड्यांचं काय होतं, औषधाच्या दुकानात काय मागायचं, आलेलं सरकारी पत्र काय म्हणतं, हे तो दोन मिनिटांत सांगतो. शिवाय जड सामान त्याच्याकडे ठेवून पाच-सहा दिवस छोट्या पिशवीवर आजूबाजूचं फिरून येता येतं. माझ्या मते हे राहण्यापेक्षाही मोठं सुख आहे. सामान बंद, कुलूप लावलेलं आणि कोपऱ्यात मावेल एवढं असावं, आणि परत कधी नेणार ते सांगितलेलं असावं. पासपोर्ट मात्र कायम तुमच्याजवळ.

लांबच्या विमानप्रवासानंतरची पहिली रात्र मित्राकडे काढू नये, असं मी सगळ्यांना सांगते. विमान उशिरा येतं, मध्यरात्र होते, तुम्ही पहाटे तीनला जागे आणि घर झोपलेलं. स्टेशनजवळ एक रात्र हॉस्टेलात काढा, झोप पूर्ण करा, अंघोळ करून ताजेतवाने होऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा.

राहिली व्हिएतनामची मैत्रीण. अनोळखी घरी राहणं मुळातच धोक्याचं, असं मी म्हणणार नाही. अशा पाहुणचाराची मोठी परंपरा आहे: सर्वास ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, लोकांनी एकमेकांच्या घरी राहून शांतता वाढवावी या विचाराने सुरू झाली. अनोळखी यजमान शोधून देणारी काउचसर्फिंग ही वेबसाइट 2004 मध्ये आली, सायकलस्वारांसाठी तशीच वॉर्मशॉवर्स आहे. सर्वासची पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते: प्रवाशाची आधी मुलाखत होते, त्याला ओळखपत्र मिळतं, आणि यजमानाकडे मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. या संस्थांमध्ये तिसरं कोणीतरी दोघांना ओळखतं किंवा निदान आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेले अनुभव वाचायला मिळतात. अ‍ॅपवरच्या ओळखीत ते काहीच नसतं. तेवढी कसर तुम्हाला भरून काढायची आहे.

म्हणून निघण्याआधी एकदा तरी व्हिडिओवर बोला, आणि घरात आणखी कोण असतं तेही त्याच वेळी कळू द्या. पहिली भेट दिवसा, सार्वजनिक ठिकाणी, सामान दुसरीकडे ठेवून. पहिल्या दोन रात्री गेस्टहाऊसमध्ये काढाच. तिच्या घरचा पत्ता, फोन आणि तुम्ही तिथे कधीपासून कधीपर्यंत असणार, हे घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला पाठवा. त्याच शहरात आयत्या वेळी जाता येईल अशी एक राहण्याची जागा हेरून ठेवा आणि तिथल्या एका रात्रीचे पैसे वेगळे ठेवा. ते पैसे नसतील तर मनाविरुद्ध थांबावं लागतं. झोपायची जागा आधी सांगितली होती त्यापेक्षा वेगळी निघाली, पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागितला, अचानक पैशांची अडचण सांगितली गेली, बाहेर एकटं जाऊ दिलं जात नाही, यांतलं काहीही झालं तर कारण न देता निघा. मात्र नोंदीसाठी पोलीस पासपोर्ट मागतात तेव्हा तो तुम्ही स्वतः दाखवा. आणि हेही लक्षात असू द्या की तीही एका अनोळखी माणसाला घरात घेते आहे. तुमचं पूर्ण नाव, पासपोर्टवरचं खरं, आणि तुमच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन तिला आपणहून द्या.

निघायच्या आदल्या रात्री सॅक भरून ठेवा. सकाळी चादरी काढून कुठे ठेवायच्या ते विचारा, मोरीच्या जाळीतले केस काढा, पलंगाखाली आणि प्लगपाशी नजर टाका, कारण विसरलेला चार्जर पाठवायला मित्राला पोस्टात जावं लागतं. किल्ली त्याच्या हातात द्या. तो घरी नसेल तर कुठे ठेवली त्याचा फोटो पाठवा. पुढच्या मुक्कामी पोहोचलात की त्याच दिवशी कळवा. त्याने हमीपत्र किंवा नोंद केली असेल तर देश सोडल्यावर पासपोर्टवर शिक्का मारला असेल तर त्याचा, नाहीतर बोर्डिंग पासचा फोटोही पाठवून द्या. तुम्ही मुदतीत बाहेर पडलात याचा पुरावा त्याच्याजवळ राहतो.